दोष तबकडीचा, प्रायश्चित्त श्रोत्याचे

जोंधळ्याच्या पोत्यात हात घालून वानगी पाहिल्याशिवाय भावाची भाषा बोलायची नाही, हा आमच्या वैरागच्या बाजारातील साधा शिरस्ता आहे. बार्शी तालुक्यातील हे गाव काही मोठी पेठ नव्हे. तरी येथला गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेतो, त्यांवर फुंकर घालतो, एखादा दाताखाली धरून पाहतो आणि मगच तोंड उघडतो. कुंभाराकडून गाडगे घेणारी बाई ते बोटाने वाजवून घेते. सोलापुरी चादर घेणारा ती उजेडासमोर धरून पाहतो. अशा चोखंदळ मुलखात जन्म काढूनही आम्ही हजारांच्या घरातील रक्कम मोजून गाण्याची एक तबकडी वानगीवाचून विकत घेतली, ती सदोष निघाली तेव्हा निमूटपणे सोसली, आणि तिच्या दोषाबद्दल घरातल्या एका निरपराध पोरीला बोल लावला. प्रस्तुत लेख ही त्या अपराधाची कबुली आहे. परंतु केवळ कबुली नव्हे. ज्या सोशिकपणामुळे तो अपराध घडला, तो सोशिकपणा आज रसिकतेचे लक्षण म्हणून मिरवला जात आहे, आणि त्याविरुद्धच आमची तक्रार आहे.

व्हिनाइलची दीर्घ ध्वनिमुद्रिका कोलंबिया कंपनीने १९४८ च्या जूनमध्ये अमेरिकेत प्रथम बाजारात आणली. पुढे फीत आली, सीडी आली, अखेर गाणे अदृश्य होऊन तारेतून व हवेतून घरोघर वाहू लागले, आणि तबकडी इतिहासजमा झाली असे सर्वांनी धरून चालले. पण मेलेली म्हणून सोडलेली ही वस्तू पुन्हा उठून बसली आहे. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री नगसंख्येत सीडीच्या पुढे गेली; १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही जुनी गाणी नव्याने दाबून विकली जात आहेत आणि मुंबईत तबकड्या दाबण्याचे काम पुन्हा सुरू झाले आहे. आम्हांला याचा आनंदच आहे. वीस मिनिटे एका जागी बसून, मध्ये बोट न लावता, एकच राग ऐकण्याची शिस्त या वस्तूने घरात पुन्हा आणली, हा तिचा उपकार आम्ही मानतो. आम्ही तबकडीचे द्वेष्टे नाही. म्हणूनच तिच्याविषयी कठोर बोलण्याचा अधिकार आम्हांला आहे असे समजतो.

आता घडलेली हकीकत. तबकडी एका थोर गायिकेच्या जुन्या ख्यालांची, अलीकडे दाबलेली, मेणकापडासारख्या पातळ वेष्टनात मोहरबंद होऊन आली. पहिली बाजू लागली आणि घर भरून गेले. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या अकरा वर्षांची आहे व गाणे शिकते. तिला आम्ही यंत्रापाशी बसवले आणि दुसऱ्या बाजूच्या अखेरीस गायिका षड्जावर थांबते तेथे तिच्याबरोबर षड्ज लावण्यास सांगितले. पोरीचा सूर काही केल्या जुळेना. क्षणात उतरलेला वाटे, क्षणात चढलेला. आम्ही रागावलो. ‘सूर हलतो तुझा, लक्ष कुठे आहे?’ असे चार लोकांदेखत म्हणालो. पोरीने डोळ्यांत पाणी आणून उत्तर दिले, ‘काका, मी नाही हलत. गाणंच हलतंय.’

या उत्तराला आम्ही उद्धटपणा समजलो, ही आमची दुसरी चूक. तिसऱ्या दिवशी एकटेच ऐकत बसलो असता सहज नजर सुईच्या दांड्याकडे गेली. थाळी जसजशी फिरत होती, तसतसा दांडा प्रत्येक फेरीला एकदा आत व एकदा बाहेर झुलत होता. शेजारी पट्टी धरून पाहिली. झोका एक मिलिमीटरचा, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. पहिली बाजू लावली, दांडा निश्चल. यंत्र तेच, सुई तीच, कान तेच. दोष दुसऱ्या बाजूचा होता. पोरीचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

असे का होते, हे समजण्यास तबकडीचा जन्म कसा होतो ते थोडे पाहिले पाहिजे. गाणे प्रथम अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवरील मऊ लेपात चराच्या रूपाने कोरले जाते. त्यावर चांदीचा पातळ थर व निकेलचा जाड थर चढवून उलटा साचा काढतात. त्या साच्यापासून सुलटा, आणि सुलट्यापासून पुन्हा उलटे, दाबण्याचे ठसे. वर एका बाजूचा ठसा, खाली दुसऱ्या बाजूचा, मध्ये तापवलेल्या व्हिनाइलचा गोळा. वाफेची उष्णता, प्रचंड दाब, मागोमाग थंड पाणी, आणि सुमारे अर्ध्या मिनिटात तबकडी तयार. या घाईत जितक्या पायऱ्या, तितक्या चुकांच्या जागा आहेत. तबकडी पुरती थंड होण्यापूर्वी बाहेर काढली तर ती वाकते. गोळा पुरेसा तापला नाही वा चराच्या तळापर्यंत पोचला नाही, तर तेवढ्या जागी कापड फाटल्यासारखा आवाज येतो. ठसा झिजेपर्यंत वापरला तर सारे गाणे धुरकट होते. आणि ठशाला मधले भोक पाडताना ते चरांच्या खऱ्या केंद्रावर पडले नाही, तर त्या ठशाखालून निघालेल्या प्रत्येक तबकडीची ती बाजू जन्मभर लंगडत चालते. दोन बाजूंचे ठसे निराळे असल्यामुळे एक बाजू शुद्ध व दुसरी सदोष, हा प्रकार घडतो. एका ठशाखालून हजाराच्या आसपास तबकड्या निघू शकतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

‘अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते?’ असा प्रश्न आम्हांला विचारण्यात आला. दांड्याचा झोका एक मिलिमीटर, म्हणजे भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले, हे खरे. तेव्हा हिशेबच मांडू. बाजूच्या अखेरीस सुई केंद्रापासून सुमारे साठ मिलिमीटरवर असते. तेथे अर्ध्या मिलिमीटरची चूक चराचा वेग शेकडा ०.८३ ने एकदा वाढवते व एकदा घटवते. सप्तकाचे १,२०० समान भाग केले तर त्या एका भागास सेंट म्हणतात. त्या मापाने सूर सुमारे चौदा सेंट चढतो आणि तितकाच उतरतो, आणि हे १.८ सेकंदांच्या प्रत्येक फेरीत होते. एकंदर झोका अठ्ठावीस सेंटांहून अधिक झाला. आता आपल्या बावीस श्रुतींतील सर्वांत लहान अंतर, जिला प्रमाणश्रुती म्हणतात ती, सुमारे बावीस सेंटांची आहे. म्हणजे गायिका अचल षड्जावर उभी असता कारखानदार तिला एका श्रुतीहून अधिक अंतर मागेपुढे झुलवतो! सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी याच श्रुतींचा छडा लावण्यासाठी वर्षे खर्ची घातली, १९१० साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाने त्या कामी आपला गळा दिला. त्या सर्व तपश्चर्येवर एक वाकडे पडलेले भोक पाणी फिरवते.

आमच्या म्हणण्यात अतिशयोक्ती वाटत असेल, त्यांनी बाजाच्या पेटीचे उदाहरण आठवावे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि १९७१ मध्ये ती शिथिल होईपर्यंत पेटीवाले आकाशवाणीच्या दाराबाहेर राहिले. त्या बंदीची कारणे अनेक होती, परंतु पेटीचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत हा त्यांतील ठळक आक्षेप. पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट चढा असतो. चौदा सेंट! जेवढ्या अंतरासाठी एका वाद्याला तीन दशके वनवास भोगावा लागला, तेवढेच अंतर आमच्या तबकडीचा षड्ज दर फेरीला वर आणि पुन्हा खाली जातो. पेटी निदान एका जागी स्थिर राहून चुकते. तिची चूक ओळखून गवई तीपासून दूर राहू शकतो. हलणाऱ्या षड्जापासून दूर राहून उभे कोठे राहावे?

आता श्रोते यावर काय करतात ते पाहा. भोक सरकलेले असेल तर कोणी कानशीने ते मोठे करतो आणि प्रत्येक वेळी तबकडी बोटाने सरकवून दांड्याचा झोका थांबेपर्यंत केंद्र शोधतो. तबकडी वाकली असेल तर दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवतो. आमच्याकडच्या वैशाखात हा प्रयोग केला म्हणजे तबकडी सपाट होण्याऐवजी पापडासारखी होते, हे अनुभवाचे बोल आहेत. सुई उडत असेल तर तिच्या डोक्यावर नाणे ठेवतो, आणि वजनाने चर झिजला की दुसरी तबकडी आणतो. खरखर असेल तर सुताराचा पांढरा गोंद तबकडीवर पसरतो आणि वाळल्यावर त्याची साल सोलून काढतो. श्रीमंतांचे उपाय श्रीमंत. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या नाकामिची कंपनीने एक यंत्र काढले, ते तबकडीचे केंद्र स्वतः शोधून तिला सरकवून घेई. बुद्धीची करामत म्हणून आम्ही त्यापुढे हात जोडतो. पण त्याचा अर्थ काय? ठसा नीट न पाडल्याचा दंड कारखानदाराने भरायचा, तो श्रोत्याने भारी किमतीचे यंत्र घेऊन भरला, एवढाच.

हे सर्व उपाय करणाऱ्यांत आम्हीही आहोत. त्या चातुर्याचा थोडा अभिमानही बाळगत होतो. आता कळते की प्रत्येक उपायाने आपण कारखानदाराचे काम फुकट करून देतो आणि वर त्याला निर्दोष ठरवतो. कानस भोकाला लागली की पुरावा गेला. भाषासुद्धा आपल्यावरच उलटली आहे: तेच तेच बोलणाऱ्या माणसाला ‘त्याची पिन अडकली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः पिन बिचारी चर नेईल तिकडे जाते. चर मोडका असेल तर पिनेने काय करावे? परंतु बोल पिनेला, बोल यंत्राला, बोल आमच्या पुतणीच्या गळ्याला; तबकडीला मात्र नाही.

या सोशिकपणाच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद केले जातात. पहिला वाडवडिलांचा: ‘त्यांनी याहून वाईट तबकड्या आनंदाने ऐकल्या.’ ऐकल्या खऱ्या. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, ते जर्मनीतील हॅनोव्हर येथे दाबून बोटीने परत आले. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. हॅनोव्हरला तक्रार कोण कळवणार? शिवाय त्या तबकड्या लाखेच्या. तीत दगडाची भुकटी मिसळलेली असे आणि त्या भुकटीवर घासून पोलादी सुई चराच्या आकाराची होई. खरखर हा त्या द्रव्याचाच धर्म होता. पण खरखर गाण्याच्या बाहेर असते. कान तिला बाजूला सारू शकतो, जसा सुपात जोंधळा पाखडून कोंडा बाजूला सारता येतो. हलणारा षड्ज हा कोंडा नव्हे. तो किडलेला दाणाच होय. तो कितीही पाखडला तरी सुपातच राहणार.

दुसरा युक्तिवाद ‘उबे’चा. आम्ही विक्रेत्यास पत्र लिहिले तेव्हा उत्तर आले की तबकडीचा असा थोडा जिवंतपणा हाच तिचा स्वभाव असून जाणकार त्यावर प्रेम करतात. पाहा, किती सोयीचे तत्त्वज्ञान! दुधात पाणी घालून गवळ्याने म्हणावे, की नदीची आठवण यावी म्हणून घातले. दोषाला गोड नाव दिले की तो गुण होतो, आणि तक्रार करणारा आपोआप अरसिक ठरतो. अरसिक ठरण्याच्या या भीतीवर हा व्यापार चालला आहे. गायिकेने जन्मभर जो स्थिरपणा साधला, तो मोडणाऱ्या वस्तूत ऊब शोधणे ही रसिकता असेल, तर आम्ही अरसिक म्हणवून घेण्यास तयार आहोत.

तिसरा युक्तिवाद हस्तकौशल्याचा: ‘हे जुन्या यंत्रांचे, माणसाच्या हाताचे काम, इकडे तिकडे व्हायचेच.’ माणसाच्या हातून चूक होते हे कबूल. कुंभाराचेही एखादे मडके तडकते. पण तडकलेले मडके तो चांगल्याच्या भावाने विकत नाही, आणि गिऱ्हाइकाने ते वाजवून पाहिले तर हात धरत नाही. येथे तबकडी मोहरबंद येते. मोहर फोडल्याशिवाय ती वाजवता येत नाही. आणि पावतीवर छापलेले असते की उघडलेला माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे दोष कळण्याचा जो एकच मार्ग, त्यावर पाऊल टाकताच दाद मागण्याचा मार्ग बंद! वैरागच्या बाजारात कोणी पोत्याचे तोंड शिवून ‘शिवण उसवली तर माल तुमचा’ असे म्हणेल, तर त्या दुकानाची पायरी दुसरा गिऱ्हाईक चढणार नाही.

मनात आणले तर माणूस तबकडीची काळजी किती घेतो, याचेही एक उदाहरण आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली असून तीत गोमंतकाच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. जी तबकडी बहुधा कोणी कधीच वाजवणार नाही आणि जी परत करण्यास कोणी गिऱ्हाईक येणार नाही, तिच्यासाठी सोने व तांबे. आणि बार्शी तालुक्यातील एका घरात जी रोज वाजणार आहे, तिच्या मधल्या भोकाकडे पाहण्यास कोणास सवड नाही.

आमच्या वाङ्मयीन मासिकांकडेही थोडा दोष येतो. जुने मराठी टीकाकार पुस्तकाचे परीक्षण संपवताना कागद, छपाई व बांधणी यांविषयी दोन ओळी लिहिल्यावाचून राहत नसत. मुद्रणदोष राहिले असतील तर ग्रंथकार स्वतःच शेवटी शुद्धिपत्र जोडी आणि वाचकांची क्षमा मागे. ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणांत रागाची चर्चा असते, घराण्याची असते, आवरणावरील चित्राचीही असते. दाबणी कशी आहे याबद्दल अवाक्षर सापडत नाही. तबकडीला शुद्धिपत्र नसते, म्हणून परीक्षकाने तरी ते लिहावयास हवे.

दाद मागण्याचे साधन नाही असेही नाही. ग्राहकांची चळवळ याच महाराष्ट्राच्या मातीत रुजली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत काढली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २०२० सालापासून अमलात आहे. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. वैरागच्या श्रोत्याला सोलापूर पुरे आहे. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फीही पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

आमच्या तबकडीचे पुढे काय झाले? बऱ्याच पत्रव्यवहारानंतर विक्रेत्याने दुसरी पाठवली. पहिली बाजू शुद्ध. दुसऱ्या बाजूस दांडा तोच एक मिलिमीटर झुलतो. नग बदलला, ठसा बदलला नाही. वर सांगितलेला हजाराचा आकडा येथे आठवावा. ही आमच्या एकट्याची तक्रार नाही. त्या ठशाखालून निघालेल्या तबकड्या जितक्या घरांत गेल्या असतील तितक्या घरांत आज हाच षड्ज हलतो आहे. कोणी त्याला ऊब म्हणत असेल, कोणी कानस घेऊन बसला असेल, आणि कोणी आमच्यासारखाच एखाद्या पोरीला बेसूर म्हणत असेल.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. कारखानदाराने ठशाचे केंद्र मोजल्यावाचून दाबणी सुरू करू नये आणि चाचणीची तबकडी कानाने व डोळ्यांनी तपासावी. सदोष ठसा हाती सापडला तर तो मोडावा, आणि त्याखालचा सगळा माल परत बोलवावा; एकेक नग बदलून गिऱ्हाइकाची बोळवण करू नये. विक्रेत्याने उघडलेल्या तबकडीस वाजवून पाहण्याची मुदत द्यावी. आणि श्रोत्यांनी, हे मागणे सर्वांत आधी, पहिल्याच दिवशी दांड्याकडे पाहावे. उन्हाने वाकलेली, आपल्याच हलगर्जीपणाने चरे पडलेली तबकडी कारखानदाराच्या गळ्यात घालू नये. पण जो दोष त्याचा, तो त्याच्या पदरात घालण्यास संकोचूही नये. कानस, काच, नाणे व गोंद ही आयुधे खाली ठेवून लेखणी उचलावी.

आमची तबकडी भोकाला हात न लावता तशीच ठेवली आहे. तिच्या आवरणात आम्ही एक चिठ्ठी घातली आहे: ‘दुसरी बाजू: केंद्र अर्धा मिलिमीटर चुकले.’ त्या शुद्धिपत्राची एक प्रत पट्टीसह काढलेल्या छायाचित्रासोबत विक्रेत्याकडे रवाना झाली आहे. उत्तर न आल्यास तिसरी प्रत सोलापूरला जाईल. पोरीची क्षमा आम्ही चार लोकांदेखतच मागितली, कारण बोललो होतो तेही चार लोकांदेखत. ज्याने सूर हलवला, त्याने ती मागायची अजून राहिली आहे.